कातळावरची केळ

माझ्याबद्दलची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कटकट नको. मी थोडं वाढवून सांगतो. थोडं म्हणजे किती, हे सांगायला गेलो तर तेही वाढेल, तेव्हा ते राहू द्या. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात पारावर रोज संध्याकाळी जी बैठक बसे, तिच्यात माझी जागा पिंपळाच्या बुंध्याला टेकून, मधोमध होती. ती मला कुणी दिली नव्हती, मी बोलून मिळवली होती. माझ्या विहिरीत एक मरळ मासा होता, तो माझा आवाज ओळखून वर यायचा. तापीच्या पुरात मी एकदा म्हशीवर बसून पलीकडे गेलो, आणि परत येताना म्हैस दमली म्हणून तिला पाठीवर घेऊन आलो. एका वाघाला मी चिलमीसाठी विस्तव दिला होता. लोक हसायचे, एकमेकांच्या मांडीवर थापा मारायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. ज्यानं कुणाचं काही बिघडत नाही, त्या खोट्याला आमच्या गावात करमणूक म्हणत.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना मी एक चूक केली. मी एकदा खरं बोललो.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. श्रावणात माझी एक तांबडी कालवड चुकून सातपुड्यात शिरली. तिच्या मागावर मी चढत गेलो तो अशा एका दरीत पोचलो, जिथे सूर्यसुद्धा विचारून येत असावा. वर झाडांचं छप्पर, खाली शेवाळ, दगडांना शेवाळ, झाडांना शेवाळ, आणखी थोडा वेळ उभा राहिलो असतो तर मलाही आलं असतं. दरीच्या टोकाला धबधबा होता, आणि त्याच्या बाजूच्या उभ्या कातळात, पायथ्यापासून वरपर्यंत, चार केळी उगवलेल्या होत्या. केळीच, हो. आमचा सगळा मुलूख केळीचा, मी जन्मलो केळीत आणि वाढलो केळीत. खोड बसक्या रांजणासारखं फुगीर, पानं आमच्या बागेतल्या बसराई जातीच्या केळीच्या पानांपेक्षा रुंद, आणि खाली माती मूठभरही नाही. एक पान तुटून खाली पडलं होतं, ते माझी कालवड शांतपणे खात उभी होती.

आता बघा, माझ्यासारख्या माणसाला हे केवढं मोठं घबाड. पण पारावर सांगताना मला काय झालं कुणास ठाऊक, मी काही वाढवलं नाही. उलट लोकांना पटावं म्हणून कमी करून सांगितलं. चारच्या तीन केल्या.

पारावर हशा पिकला. तसा तो रोजच पिकायचा, पण आज मला तो लागला.

"हे खरं हाये," मी म्हणालो.

त्यावर आणखी हसले. सगळ्यांत जास्त हसले नाना. नाना म्हणजे पारावरचा दुसऱ्या नंबरचा बोलणारा. पिंपळाच्या बुंध्याची जागा त्यांना माझ्या आधीपासून हवी होती. ते म्हणाले, "आम्ही मोट हाकून हाकून बैलं म्हातारे केले, खताच्या गाड्या ओतल्या, तेव्हा कुठी घड धरते. अन् तुही केय दगडावर उभी! पाणी कोन देते तिले? तुहा वाघ का?"

बोलता बोलता पैज लागली. पावसाळ्यात ओढे वाट देत नाहीत, दिवाळीनंतर कपाशी वेचायची, तेव्हा पौषात भरताची वांगी आली की सगळ्यांनी वर जायचं. केळ दिसली तर नानांनी भर पारावर उभं राहून "तुझं खरं" असं म्हणायचं. नाही दिसली, तर एका संक्रांतीपासून दुसऱ्या संक्रांतीपर्यंत मी पारावर यायचं, बसायचं, ऐकायचं, पण तोंड उघडायचं नाही. हूं म्हणायचं नाही, हुंकार द्यायचा नाही. खोकला आला तर उठून बाजूला जायचं.

पंच म्हणून आबांना नेमलं. आबा पंचक्रोशीत केळीतलं पहिलं माणूस. पानाचा नुसता रंग बघून ते मुळाशी काय दुखतंय ते सांगत. बोलत फार कमी, आणि मी बोलत असताना तर मुळीच नाही.

त्या पैजेत एक पोटकलमही होतं, आणि ते माझ्याच तोंडून निघालं. आमच्याकडे भरीत पार्टी म्हटली की जेवायचं केळीच्या पानावर. कुणीतरी म्हणालं, सकाळी बागेतून पानं कापून घेऊ. मी ताठ होऊन म्हणालो, "पानं बिलकुल घ्यायची नही. वर माह्या केयीची कापून वाढतो. एका पानावर तिघं जेवतीन."

झालं. पानं न घेता जायचं ठरलं.

निघालो तेव्हा उजाडायचं होतं. थंडी अशी, की बैल नाकातून वाफ सोडत होते आणि ती खाली पडून फुटत होती. आम्ही नऊ जण, एक गाडी. गाडीत वांगी, ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, तेलाचा डबा, ठेचायला लाकडी काठवट आणि मुसळ. आणि वर पऱ्हाट्यांचा भारा. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. भरताचं वांगं पऱ्हाटीच्या जाळावरच भाजायचं, हा आमच्या भागात वादाचा विषय नाही. जंगलात जाताना लाकूड घेऊन जावं लागतं का, असा विचार आमच्या नऊ जणांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. खरं तर आठ जणांच्या. नववे होते धुळ्याकडचे पाव्हणे.

पाव्हणे म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. बाजरी आणि भुईमूग पिकवणारा सपाट मुलखातला माणूस, दोन दिवस मुक्कामाला आला होता, आणि त्यांना केळीतलं एवढंच कळे की ती सोलून खातात. गाडीत भाऱ्यावर बसून ते हसत सुटले.

"बठ्ठं जंगल शे, आनि हाई मंडळी घरथून लाकडं लई चालनी!" ते म्हणाले. "आते तापीवर जाशात तं पानी बी घरथून लई जाशात का?"

आबा कोऱ्या पांढऱ्या धोतरात होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आबांना पांढऱ्या धोतरात आम्ही कधी पाहिलं नव्हतं. केळीत राबणाऱ्याच्या कपड्यावर चिकाचे डाग पडतात. आधी पाण्यासारखे दिसतात आणि मग तपकिरी, काळपट होत जातात, ते मेल्यावरही जात नाहीत. आबांच्या रोजच्या धोतराचा मूळ रंग कुणाला सांगता आला नसता. पण आज सहल, म्हणून त्यांच्या बायकोनं, अक्कानं, ट्रंकेतलं घडीचं धोतर काढून दिलं होतं आणि गाडी निघताना दारातून ओरडून सांगितलं होतं, "यावर डाग आणला त मी धुणार नही, सांगून ठेवते!"

"जंगलात कशाचा डाग लागते?" आबा म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

डोंगराच्या पायथ्याशी जंगलाचा नाका होता. तिथला नाकेदार नुकताच लांबून कुठून तरी बदलून आलेला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि भाऱ्यापाशी थांबला.

"हे काय?"

"पऱ्हाट्या."

"कुठून आणल्या?"

"घरून."

"आणि नेताय कुठं?"

"जंगलात."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. नानांनी त्याला समजावून सांगितलं, की सागाच्या लाकडावर भाजलेलं वांगं खाल्लं की कपाट खाल्ल्यासारखं वाटतं. नाकेदार म्हणाला, "बाहेर जाणारं लाकूड धरायचं, एवढं मला सांगितलंय. आत जाणाऱ्याचं काय करायचं, ते कुणी बोललं नाही. जा, पण यातली एक काडी परत बाहेर आली तर ती जंगलाची धरीन. आणि जाळ ओढ्याच्या वाळूतच करा, पाणी ओतून उठा."

गाडी नाक्यावर सोडून आम्ही चढायला लागलो. आरोपी मी, म्हणून भारा माझ्या डोक्यावर.

आता त्या चढाचं काय सांगू. एके ठिकाणी वाट इतकी उभी होती, की माझ्या नाकासमोर माझेच गुडघे होते आणि पुढच्याच्या टाचा माझ्या टोपीवर. पण खोटं नाही सांगत, आम्ही सगळे पोरांसारखे खूश होतो. वर्षानुवर्षं हा डोंगर आम्ही शेतातून मान वर करून पाहत आलो होतो. पाऊस कुठून येतो ते बघायला आणि ऊन किती चढलं ते बघायला. त्याच्या पोटात असं काही असेल, हे आमच्या गावी नव्हतं. साग संपले, धावडा आणि सालई लागली, मग बांबूची बेटं, आणि मग एका वळणानंतर एकदम गारवा. जांभळीची झाडं एवढी उंच, की त्यांच्या शेंड्यावर बसलेला पक्षी ओरडला तर आवाज आम्हांला जेवणानंतर ऐकू येईल. वेली दोरखंडासारख्या. नाना एका वेलीला लोंबकळले. साठीला आलेला माणूस! दोन झोके घेतले आणि तिसऱ्या झोक्याला पाण्यात बसले. आबासुद्धा हसले, म्हणजे त्यांच्या मिशा थोड्या रुंद झाल्या.

एका खडकावरून खाली पाहिलं तर सगळा मुलूख पायाशी. केळीचे बाग हिरव्या गोधडीच्या ठिगळांसारखे, पलीकडे तापीची रेघ.

"मना पाय ग्यात," पाव्हणे खडकावर आडवे होत म्हणाले. "पन भाऊ, आते मी खाली जास नही. मना बाजरीना वावरले सांगा, मी आठेच ऱ्हास."

आणि मग आम्ही त्या दरीत पोचलो. मी पुढे धावलो. भारा टाकला. मान वर केली.

केळी नव्हत्या.

धबधब्याची आता नुसती धार राहिली होती. कातळ तोच होता, भेगा त्याच होत्या. पण जिथे चार हिरव्या केळी उभ्या होत्या, तिथे माकडं गुडघ्यात डोकं घालून बसावीत तसे दोन-तीन तपकिरी गोळे दिसत होते, दगडच असावेत. एक पान नाही. हिरव्याचा कणही नाही.

"कुठी रे?" नाना म्हणाले.

"इथंच होत्या."

"वाघानं नेल्या असतीन."

मी कातळ चढलो, घसरलो, पुन्हा चढलो, ढोपर फोडून घेतलं. दरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आलो. मागून नानांचा आवाज येतच होता, "त्या झाडामागं पाह्य! विचार त्याले!" आम्ही सगळे केळीवाले, आणि केळीवाल्याला एक गोष्ट सुचूच शकत नाही. आमची केळ बारा महिने हिरवी असते. ती पानं टाकून झोपी जाईल, असं तिचं वाईट चिंतणारासुद्धा म्हणणार नाही. म्हणून मीही हिरवंच शोधत होतो. आठ जोडी डोळे हिरवंच शोधत होते. नववी जोडी, पाव्हण्यांची, मिटलेली होती.

शेवटी आबांनी निकाल द्यायला बसायला जागा शोधली. कातळाच्या पायथ्याशी एक कुजक्या लाकडाच्या ओंडक्यासारखं काहीतरी होतं, वाळक्या सालींनी आणि पाचोळ्यानं झाकलेलं, बुटकं, बैठकीला बरोबर मापाचं. कमरेचा विळा काढून त्यांनी त्यातच खुपसून ठेवला आणि वर टेकले.

"ओलं हाये बापा," ते थोडे सरकून म्हणाले. मग सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "केय दिसली नही. पैज पैज हाये. संक्रांतीपासून याची जीभ बंद."

टाळ्या पडल्या. मी पण हसलो. हसायलाच पाहिजे होतं. पण सांगतो तुम्हांला, आयुष्यात मी शेकडो खोट्या गोष्टी सांगितल्या, त्या खोट्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी कुणी मला खोटारडा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी खरं सांगून मी खोटारडा झालो. आणि वर्षभर गप्प! दुसऱ्या कुणाला हे काही वाटणार नाही. आबांना सांगितलं असतं तर ते आनंदानं दोन वर्षं गप्प बसले असते. पण मला पिंपळाखाली बसून नानांची गोष्ट ऐकायची, आणि तिच्यात कुठे काय घालायला हवं होतं ते कळत असूनही ओठ मिटून ठेवायचे! मी मनात संक्रांतीला उरलेले दिवस मोजले. चार होते.

भूक मात्र थांबत नाही. वाळूत पऱ्हाट्या पेटवल्या. वांगी जाळावर टाकली, त्यांची सालं फुटून आतून फुसफुस आवाज यायला लागला, आणि त्या दरीत असा वास सुटला की दूरवरची सगळी माकडं आमच्या डोक्यावर येऊन सभेला बसावीत तशी बसली. वांगी सोलली, काठवटीत मिरची-लसणाबरोबर ठेचली, वर पात आणि तेल. मुसळ मी चालवलं. एवढ्या जोरात चालवलं की नाना म्हणाले, "अरे, वांगं हाये ते, मी नही!"

भरीत तयार झालं, आणि नऊ माणसं नुसती उभी राहिली. वाढायचं कशावर?

"आण ना तुही पानं," नाना अगदी मायेनं म्हणाले. "एका पानावर तिघं जेवणार होतो आम्ही."

त्या दरीत आम्ही सागाच्या पानांवर जेवलो. सागाचं पान ओलं झालं की लाल रंग सोडतं. भरीत लाल, भाकरी लाल, बोटं लाल, नानांच्या पांढऱ्या मिशा लाल. लग्नाच्या पंगतीत मारामारी झाल्यासारखे आम्ही दिसत होतो. पण असं भरीत मी पुन्हा खाल्लं नाही. पोट भरल्यावर माझं दुःखही थोडं खाली बसलं. उरलेल्या पऱ्हाट्या नाकेदाराच्या भीतीनं जाळून टाकल्या, राखेवर पाणी ओतलं, आणि परत निघालो. आबांनी विळा उपटून कमरेला खोचला.

उतरताना वाट अरुंद होती, सगळे एका रांगेत. पुढे आबा, त्यांच्या मागे पाव्हणे, मग बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी, गप्प बसायची तालीम करत, मी. पाऊण कोस उतरलो असू. पाव्हणे थांबले.

"आबा," ते म्हणाले, "तुम्हना धोतरले मांगे हाई काय लागनं? मंघाशी नुसतं वलं व्हतं, आते कायंकुट्ट व्हई ऱ्हायनं."

आबा थांबले म्हणून सगळी रांग थांबली. नाना पुढे गेले. वाकून पाहिलं. मग आणखी वाकले. सभ्य माणूस दुसऱ्याच्या धोतराच्या मागच्या भागाकडे इतका वेळ बघत नाही.

"आबा," नाना हळू आवाजात म्हणाले, "सकाळी बागेत गेले होते का तुम्ही?"

"या धोतरानं? अक्का जित्ता ठेवीन का?"

"मंग हा डाग केयीचा हाये."

मी मागून धक्के देत पुढे आलो. मी पाहिलं. ताटाएवढा डाग, कडेला तपकिरी, मधे काळा होत चाललेला. जन्मभर असे डाग अंगावर घेऊन हिंडलेली सात माणसं त्याच्याभोवती उभी होती. कपाशीचा डाग असा नसतो, सागाचा तर नाहीच नाही, सागाचा आमच्या बोटांवर होता. आबांनी सावकाश कमरेचा विळा काढला. सकाळी लखलखीत असलेलं पातं टोकाकडून काळं पडलं होतं. केळ कापलेला विळा असाच काळा पडतो. आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारा.

आबांनी पात्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मग ते वळले आणि पुन्हा चढायला लागले.

पाऊण कोस! पोटात भरीत, वर उभा चढ! पण मी सांगतो, त्या वेळी आम्ही चढलो नाही, डोंगरच आमच्याखालून खाली गेला. पाव्हणे विचारत होते, "काय व्हयनं? डाग धुवाले चालनात का?" पण त्यांना उत्तर द्यायला कुणाला दम नव्हता.

पंच ज्याच्यावर बसून निकाल देत होते, तो ओंडका तिथेच होता. आबा त्याच्यासमोर उकिडवे बसले. पाचोळा बाजूला केला. वाळक्या साली एकेक करून सोलल्या, घरात पाळण्यातल्या पोराचं दुपटं काढतात तशा. आत पांढरट, गार, रसानं भरलेलं खोड. विळ्यानं आडवा काप दिला, तर आत पापुद्र्यावर पापुद्रा आणि प्रत्येक पापुद्र्यात ती जाळी, आमच्या बागेतल्या खोडात असते अगदी तीच. पाण्यासारखा चीक वर आला. बाजूला वाळून गेलेला एक लहान घड पडला होता. नानांनी तो फोडला तर त्यातून काळ्या, बोराएवढ्या टणक बिया घरंगळल्या. आमच्या केळीत बी नसते, रानातल्या केळीत असते हे आम्ही नुसतं ऐकलं होतं. आणि वर, कातळावर, माकडांसारखे बसलेले ते गोळे? सगळ्यांच्या माना एकदमच वर गेल्या. एक, दोन, तीन. आणि आबांच्या पुढ्यातली चौथी.

"केय हाये," आबा म्हणाले. "झोपली हाये. पाऊस आला की उठीन."

ते तिच्याभोवती हात फिरवत राहिले. "पिल नही एकबी," ते स्वतःशीच म्हणाले; पिल म्हणजे बुडाशी फुटणारा कोंब, आमची केळ त्याच्यावरच वाढते. "मी उभा जन्म केयीले पाणी घातलं. पाण्याच्या पाळीसाठी लग्नं सोडली लोकांची. इले कोनं घातलं असीन?"

आबांनी उघड्या केलेल्या खोडावर त्या साली पुन्हा नीट लपेटल्या, कापाच्या जागी ओली माती थापली, आणि उठून माझ्याकडे पाहिलं.

"तीन सांगितल्या होत्या तू," ते म्हणाले. "चार हायेत."

मी म्हणालो, "हो आबा. कमी करून सांगितलं होतं."

त्यावर आबा जे हसले! आयुष्यातलं साठवलेलं हसू एकदाच बाहेर काढल्यासारखे, कातळाला पाठ टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळेच. नानांनी मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघं वाळूत पडलो.

नाक्यावर नाकेदारानं गाडी तपासली. काडी एकही नव्हती. त्याला नऊ लाल तोंडं आणि एक काळं धोतर दिसलं. त्यानं पुन्हा टोपी काढली आणि या वेळी लवकर घातलीच नाही.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. पारावर सगळं गाव जमलेलं. नाना सरळ पिंपळाखाली उभे राहिले आणि शब्दाला जागले: "याचं खरं हाये." माझी छाती केवढी फुगली! मी घसा साफ केला, पिंपळाच्या बुंध्याला टेकायला सरकलो, पण तिथे नाना आधीच बसले होते आणि बोलायला लागले होते.

"सात केयी," नाना म्हणाले. "खोड असं, की तिघांनी कवेत घेतलं त हात पोचत नही."

"चार," मी म्हणालो.

"तू थांब रे. अन् बिया? एक डोक्यावर पडली असती त माणूस गेलाच असता."

पाव्हणे उठून उभे राहिले. त्यांना केळीतलं काही कळत नव्हतं, पण धुळ्याच्या माणसाला यावलच्या पारावर मागे राहायचं नव्हतं. "मी सोता दखं! एक पान खाले पडनं, आनि आम्ही नऊ जन बठ्ठा त्याना खाले दडी ग्यात. माकडंबी हासी ऱ्हायनात!"

"पानं नव्हतीच," मी म्हणालो. "वाळल्या होत्या."

"तू होता का तिथं?" कुणीतरी ओरडलं, आणि पार हास्यात बुडाला. मी आबांकडे पाहिलं. आबा, खरं बोलणारं पंचक्रोशीतलं शेवटचं माणूस. ते सावकाश म्हणाले, "मी वर बसलो, त ती खालून थोडी हलली," आणि मिशा रुंद करून दुसरीकडे पाहू लागले. पलीकडच्या गल्लीतून अक्काचा आवाज येत होता. तिनं धोतर पाहिलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिनंच ते अंगणात दोरीवर वाळत घातलं, डाग रस्त्याकडे करून, आणि आठ दिवस बाया ते पाहायला येत होत्या.

बोलण्याचा हक्क जिंकून मी त्या संध्याकाळी पारावर एक वाक्य पुरं करू शकलो नाही. शेवटी उठून घरी आलो. बायको चुलीपाशी होती.

"काय पाह्यलं मंग?" तिनं विचारलं.

"चार केळी पाहिल्या," मी म्हणालो. "वाळलेल्या होत्या. पानं नव्हती. आबांच्या धोतराला डाग पडला."

तिनं हातातला उलथणा खाली ठेवला. उठून आली, हात माझ्या कपाळाला लावला, मग मानेला लावला.

"अंगात कणकण हाये का? काढा करू?"

मी नाही म्हणालो, पण ते तिला पटेना. मग मी भिंतीला टेकून बसलो आणि तिला सांगितलं, की परत येताना वाटेत तो वाघ भेटला होता, चिलमीवाला, आणि त्यानं तिची ख्यालीखुशाली विचारली. तेव्हा कुठे तिनं ताट वाढलं.